बळवंत मेला, खाली पहा

“उद्यापासून आपला कर्नल मुका राहणार नाही!” सुधन्वाने शनिवारी जेवताना जाहीर केलं आणि पुन्हा आमटी वाढून घेतली.

त्याच्या वडिलांनी, बळवंतरावांनी, ताटातून मान वर केली नाही. बायको अपूर्वा मात्र म्हणाली, “जरा हळू बोल. काल लिफ्टमध्ये एका बाईंनी मला विचारलं, आपके हस्बंड कौनसे कर्नल के यहाँ नौकरी करते हैं?”

बाईंची तरी काय चूक! गुरुग्रामच्या त्या सोसायटीत निवृत्त कर्नल पैशाला पासरी होते. सुधन्वाचा कर्नल वेगळा. तो यंत्राच्या पोटात बसून सगळा कारभार हाकणारा, कुणालाही न दिसणारा प्रोग्रॅम. सुधन्वाची कंपनी लिफ्टमध्ये लावायचे स्क्रीन बनवायची. त्यावर हवामान, सोसायटीच्या सूचना आणि दातांच्या डॉक्टरची जाहिरात फिरत राहायची. काही बिघडलं की हा कर्नल पडद्यावर नुसती आकड्यांची उलटी करायचा. काय बिघडलं, कुठे बिघडलं, घाबरायचं की नाही, कशाचा पत्ता नाही! त्याला नीट बोलायला शिकवायचं काम सुधन्वाकडे आलं होतं आणि तो त्यात आकंठ बुडाला होता.

नीट बोलणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. दिल्लीत सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याचं लहानपण गेलं, तिथे जे घडायचं ते आधी ऐकू यायचं. बळवंतराव मंत्रालयातून परतले की तळमजल्यावरूनच हाक, “आलो गं!” आई आतून, “दूध बघा, दूध!” वीज गेली की सगळी चाळीस बिऱ्हाडं एका सुरात “गेलीऽऽ!” आणि परत आली की दुप्पट जोराने “आलीऽऽ!” नुसत्या आवाजावरून कळायचं की जागचं उठायचं, की धावायचं, की काही करायचं नाही. काय दिवस होते ते! त्या घरात कुणी कुणाला ‘काय झालं?’ असं कधी विचारलंच नाही.

तोच हिशेब त्याने कर्नलला लावला. निरोपाच्या चार पायऱ्या केल्या: कुजबुज, सांगणं, ओरडणं आणि बोंब. पहिल्या तीन आत गुपचूप नोंदायच्या, पडद्यावर फक्त बोंब आणायची. स्वतःच्या तपासणीसाठी त्याने हे सगळं आधी मराठीत लिहिलं आणि आतल्या प्रोग्रॅमांना घरचीच नावं दिली. सारखं फिरून बाकीच्यांना ‘आहेस ना रे?’ विचारणारा जो पहारेकरी प्रोग्रॅम होता, त्याचं नाव बळवंत. दुसरं कुठलं शोभणार होतं! ही मराठी आवृत्ती ‘घर’ नावाच्या फोल्डरमध्ये होती. गिऱ्हाइकाला द्यायची इंग्रजी आवृत्ती वेगळी, ‘फायनल’मध्ये.

पण कर्नलला बोलतं करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला कुलूप होतं. आई गेली, क्वार्टर पाडली गेली, आणि बळवंतराव एकोणिसाव्या मजल्यावर येऊन दिवसेंदिवस गप्प होत गेले. शेवटी त्यांनी नागपूरला बहिणीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. रविवारी दुपारची गाडी. “इथे लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत रे,” ते म्हणाले होते. “तुझ्या त्या स्क्रीनकडे बघतात.”

त्यावर सुधन्वाला म्हणायचं होतं, ‘बाबा, जाऊ नका.’ तो म्हणाला, “लोअर बर्थ मिळाला का?”

“सांग ना त्यांना!” अपूर्वा रोज रात्री टोचायची.

“सांगतो.”

शनिवारी जेवण आटोपल्यावर ऑफिसातल्या विनयचा गाझियाबादहून फोन आला. “सर, नया वाला पहले कहाँ डालूँ?”

सुधन्वाच्या सोसायटीने चाचणीसाठी आपल्या लिफ्ट देऊ केल्या होत्या. तो सहज म्हणाला, “घर में ही डालो यार.”

“घर वाला? पक्का, सर?”

“बिल्कुल! घर में!”

विनय आज्ञाधारक. त्याने ‘घर’ उघडलं आणि त्यातलं सगळं सोसायटीच्या सगळ्या लिफ्टमध्ये टाकून दिलं.

रविवारी सकाळी तो पहारेकरी प्रोग्रॅम जरा पेंगला. मेला नव्हता, पेंगला होता! पण झोपलेला आणि मेलेला यांतला फरक सुधन्वाच्या नव्या कोडला अजून कळत नव्हता. त्याने बोंब ठोकली. ‘बळवंत मेला. खाली पहा.’ खाली म्हणजे त्याच ओळीखाली, जिथे बिघाडाचा तपशील येणार होता. पण लिफ्टचा स्क्रीन अरुंद, ओळ अर्ध्यात तुटली. आणि तोच निरोप पुन्हा पुन्हा आला तर एकदाच दाखवायचा, ही सुधारणा सुधन्वा सोमवारी करणार होता. त्यामुळे प्रत्येक लिफ्टमध्ये वरपासून खालपर्यंत एकच मजकूर ठळक अक्षरांत धावू लागला:

बळवंत मेला. खाली प
बळवंत मेला. खाली प
बळवंत मेला. खाली प

लिफ्टमधल्या मंडळींना ‘ळ’ची सवय नव्हती. त्यांनी तो ‘ल’ धरला. “अरे वाह! बलवंत मेला!” एक सरदारजी म्हणाले. “संडे को मेला! और ये खाली प...?”

“खाली प्लॉट, पापाजी!” त्यांच्या सुनेने चटकन उलगडा केला. “पीछे वाला खाली प्लॉट!”

झालं! सोसायटीच्या मागे खरोखरच एक रिकामा प्लॉट होता. अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर ‘बलवंत मेला’ शंभर ठिकाणी जाऊन आला. पोरं नवे कपडे घालून निघाली. गेटबाहेरच्या गोलगप्पेवाल्याने गाडी प्लॉटकडे वळवली. ते बघून भुट्टेवाला गेला, फुगेवाला गेला. फुगेवाला पोचला म्हटल्यावर मेळा नाही असं म्हणायची कुणाची टाप!

आणि त्याच वेळी सातव्या मजल्यावरच्या हेमलताकाकू भाजीला म्हणून लिफ्टमध्ये शिरल्या. सरोजिनीनगरात त्या सुधन्वाच्या शेजारी होत्या, आता इथे लेकीकडे राहायच्या. साऱ्या सोसायटीत शुद्ध मराठी वाचणारी घरं दोनच, त्यातलं एक काकूंचं. त्यांनी वाचलं, ‘बळवंत मेला. खाली प’, आणि त्यांच्या हातातली पिशवी गळाली.

“खाली पडले!” काकू किंचाळल्या. “एकोणिसाव्या मजल्यावरून!”

“हाँ जी आंटी, चलिए ना, सब लोग वहीं जा रहे हैं,” शेजारची मुलगी हसत म्हणाली. “बहुत मज़ा आएगा!”

काकूंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती पोरगी मधल्याच मजल्यावर उतरून गेली. काकू हुंदके देत एकोणिसाव्यावर पोचल्या आणि बेलवर बोट दाबून उभ्या राहिल्या. दार उघडलं बळवंतरावांनी. हातात घडी घातलेलं धोतर, पाठीमागे उघडी सूटकेस.

“तुम्ही?” काकू भिंतीला टेकल्या.

“मीच. का?”

“अहो, पण तुम्ही... लिफ्टमध्ये लिहिलंय!”

बळवंतराव, सुधन्वा आणि अपूर्वा तसेच लिफ्टकडे धावले, मागोमाग काकूही. दार उघडलं. आत शिरून बळवंतरावांनी चष्मा वर ढकलून स्वतःच्या मृत्यूची बातमी शांतपणे वाचली. एकदा नाही, सगळ्या ओळी. सुधन्वाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्या हाताने बापाला मारलं, तेही प्रत्येक लिफ्टमध्ये!

“बाबा, तो प्रोग्रॅम आहे हो! नुसतं नाव...”

“मेला?” बळवंतराव गरजले. कित्येक महिन्यांत असा आवाज घरात ऐकू आला नव्हता. “जन्मदात्या बापाला ‘मेला’? अरे, ‘वारले’ तरी लिहायचंस! पुढे ‘राव’ लावायचंस! हे संस्कार केले आम्ही?”

“आणि मेले नाहीतच ते!” काकूंनी डोळे पुसत भर घातली.

“तो फक्त झोपला होता,” सुधन्वा पुटपुटला.

“झोपतो मी. सकाळी पेपर वाचताना झोपतो. म्हणून काय गावभर दवंडी?”

तेवढ्यात खाली निघालेली लिफ्ट बाराव्यावर थांबली आणि पोराबाळांसकट एक कुटुंब आत घुसलं. “अंकल, आप भी बलवंत मेला?”

“बलवंत मैं ही हूँ,” बळवंतराव घुश्शात म्हणाले.

“अच्छाऽऽ! तो मेला आपका है! नमस्ते जी! अंकल, झूला है ना?”

सगळी लिफ्ट स्क्रीनवरची नजर काढून बळवंतरावांकडे बघू लागली. ते क्षणभर गोंधळले. सुधन्वा खुलासा करायला तोंड उघडणार, तोच बळवंतरावांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

“झूला,” ते खाकरून म्हणाले, “विचाराधीन है।”

प्लॉटवर अर्धी सोसायटी लोटली होती. गोलगप्प्यांच्या गाडीवर भांडण जुंपलं होतं, पोरं मोकाट धावत होती. बळवंतरावांनी वॉचमनकडून भोंगा मागून घेतला आणि पहिल्याच हाकेत रांग लावली. सरोजिनीनगरात दर दिवाळीला आनंदमेळा भरायचा, त्याचे कारभारी वर्षानुवर्षं तेच होते! लिंबू-चमचा सुरू झाला. एका खऱ्या कर्नलसाहेबांना त्यांनी शिट्टी देऊन पंच नेमलं. काकूंना हुकूम सोडला, “हेमलताबाई, भेळ!” काकू पण अशा की, दहा मिनिटांपूर्वी ज्यांच्यासाठी रडत होत्या त्यांच्यावरच खेकसल्या, “कांदा कोण चिरणार? तुमचा नागपूरचा बर्थ?”

सुधन्वा लांब उभा राहून बघत होता. विनयला त्याने फोन करून स्क्रीन बंद करवले होते. आता कुणाला त्यांची गरजही नव्हती. बाबा ओरडत होते, लोक ओ देत होते, आणि सुधन्वाला पुन्हा चाळीस बिऱ्हाडांत उभं असल्यासारखं वाटत होतं. हे बघायला आई हवी होती, असं त्याला वाटून गेलं.

अपूर्वाने घड्याळ दाखवलं. “टॅक्सी बोलवायची वेळ झाली. आता तरी बोल!”

सुधन्वा गर्दीतून वाट काढत पुढे गेला. बळवंतरावांना गोलगप्पा खायचा होता, म्हणून त्यांनी भोंगा त्याच्या हातात दिला. “धर जरा.”

“बाबा...”

“हं?” तोंडात गोलगप्पा.

सुधन्वाने डोळे मिटले आणि इतके महिने आत साठवलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. “बाबा, जाऊ नका ना! मला करमणार नाही तुमच्याशिवाय!”

भोंगा चालू होता. तोही तोंडासमोर.

सुधन्वाच्या आयुष्यातली ती पहिली बोंब. प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती घुमली, मागच्या टॉवरवर आदळून परत आली. लिंबं चमच्यांतून पडली. काकूंनी कांद्याच्या निमित्ताने डोळ्यांना पदर लावला. बळवंतराव गोलगप्पा तोंडात तसाच धरून मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो गिळला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“एवढंच होतं, तर इतके दिवस काय कुजबुजत बसला होतास?” ते म्हणाले.

“अंकल जी,” गर्दीतून सरदारजींनी विचारलं, “भैया ने क्या अनाउन्स किया?”

बळवंतरावांनी सुधन्वाच्या हातातून भोंगा काढून घेतला.

“अनाउन्समेंट ये है,” ते खणखणीत आवाजात म्हणाले, “कि अगले संडे भी बलवंत मेला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अहो,” काकू भेळेच्या पातेल्यामागून ओरडल्या, “निदान ‘मेळा’ तरी म्हणा!”