अर्ध्या गोळीचा सौदा

साहेबरावांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट सांगितल्या भावात घेतली नाही. भाजी नाही, चप्पल नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषधही नाही. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी एक गोळी. साहेबराव म्हणाले, "तुमचं नाय, माझं नाय, अर्धी करा." एवढ्यावर थांबतील तर ते साहेबराव कसले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांचं बोट धरलं. पेशंटला चक्कर आली असं समजून डॉक्टर घाईघाईने नाडी बघू लागले.

हा रुमाल आधी समजून घ्यायला हवा. साहेबराव मूळचे वैजापूरकडचे. उभी हयात त्यांनी बैलबाजारात दलाली केली. तिथे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, पटला नाही तर हात झटकायचा, जमला की बाहेर काढायचा. भोवती कितीही गर्दी असो, भाव त्या दोघांतच राहतो. आता साहेबराव शहरात, औरंगपुऱ्यात मुलाकडे राहतात, माझ्या भिंतीला भिंत लावून. इथे बैल मिळत नाहीत, म्हणून ते आमच्यावर भागवतात. दवाखान्यात जायला माझी स्कूटर हवी असली की आधी रुमाल येतो आणि मागून साहेबराव.

त्यांचं हृदय फार मंद चालायचं, म्हणून छातीत पेसमेकर बसवला. तेव्हापासून त्यांची ऐट बघवत नाही. आल्या-गेल्याला सदऱ्याची गुंडी सोडून, नवा खोंड दाखवावा तसा, गळ्याखालचा उंचवटा दाखवतात. डाव्या बाजूने कुणी मोबाइल घेऊन जवळ आलं की "हाट, हाट" करून हाकलतात. पाडव्याला माझ्या मेहुण्याने प्रेमाने मिठी मारली, तर त्यालाही हाकललं. आणि मशीन आल्यावर गोळीचं महत्त्वच संपलं. "बैल चालता झाला, आता पराणी कशाला टोचायची?" असा त्यांचा सवाल.

डॉक्टर सहनशील. त्यांनी साहेबरावांच्याच भाषेत समजावलं. "बाबा, मशीन तुमच्या बैलाला खाली बसू देत नाही, एवढंच तिचं काम. पण तुमचा बैल मधूनच उधळतो. तेव्हा मशीन काही करू शकत नाही, तिथे वेसण लागते. ती वेसण म्हणजे ही गोळी. मला विचारल्याशिवाय ती तोडायची नाही आणि सोडायचीही नाही." साहेबरावांनी अशी मान डोलावली, की जणू हे त्यांनीच डॉक्टरांना शिकवलं होतं. जिना उतरताना मात्र मला म्हणाले, "मानूस हुशार हाय. पन पहिल्या भावाला व्हय म्हननारा दलाल नसतो."

झालं. रोज सकाळी ओट्यावर बसून ते सुपारीच्या अडकित्त्याने गोळी कातरायचे. अर्धी तोंडात टाकायचे आणि अर्धी कागदात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवायचे. चालता चालता छाती धडधडली की कुणाच्याही पायरीवर टेकायचे आणि "बैल उधळला जरा" म्हणून आपणच हसायचे. मी त्यांना तोंडावर कंजूष म्हटलं. सुनेने गोळ्या कातरलेल्या बघून डोक्याला हात लावला. त्यांच्यावर कशाचाच परिणाम नाही. बाजाराच्या दिवशी एसटी पकडून वैजापूरला जायचे. कशाला, तर म्हणे नजर मोकळी करायला.

एका दुपारी त्यांना फोन आला आणि ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा असा उतरलेला, की मला वाटलं मशीन बंद पडली.

"रशीद पडला बाजारात," ते म्हणाले.

रशीदभाई म्हणजे दलालीतले त्यांचे जन्माचे भागीदार. त्यांना शहरातल्या दवाखान्यात आणलं होतं. या वेळी रुमाल न टाकताच साहेबराव स्कूटरवर बसले. आम्ही पोचलो तेव्हा तिथली डॉक्टरीण रशीदभाईंच्या सुनेला विचारत होती, हे कुठलं औषध घेतात. सुनेने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. पुडीत अर्ध्या गोळ्या होत्या. अडकित्त्याचा काप मी लांबूनच ओळखला.

"म्याच देतो," साहेबराव पुढे होऊन म्हणाले. "त्याची बी छाती धडधडायची. दवाखान्याला लई भेतो तो. आमचं पहिल्यापासून समदं निम्मं. चहा निम्मा, बिडी निम्मी, दलाली निम्मी. मला एकट्याला आख्खी गोळी गिळवंना."

गोळीचं नाव माझ्याकडून ऐकून आणि साहेबरावांच्या गळ्याखालचा उंचवटा बघून डॉक्टरीण भडकली. ही गोळी हृदयाची गती कमी करते, ती म्हणाली. तुमची फारच कमी झाली तर सावरायला तुमच्या छातीत मशीन आहे. यांच्या छातीत काय आहे? यांचं हृदय आधीच सावकाश चालत होतं, ते थांबायचंच बाकी राहिलं होतं.

साहेबराव बाकावर टेकले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी वेसन दोघांला घातली अन् मशीन मी एकट्यानंच ठेवून घेतली." कुणाला कधी खोटा बैल न विकलेला माणूस तो. मी त्यांना कंजूष म्हणालो होतो, आणि आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई शुद्धीवर आले. साहेबरावांना बघून बारीक आवाजात म्हणाले, "क्या रे, माल खोटा निकला तेरा." साहेबरावांना हसता आलं नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, रशीदभाईंच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. रुमाल हलला. रशीदभाईंनी हात झटकला. पुन्हा हलला, पुन्हा झटकला. साहेबराव काय मागत होते कुणास ठाऊक. बहुतेक माफी मागत असावेत, पण तिला बोटांत आकडा नाही.

शेवटी रशीदभाईंनी रुमालाखालचा भाव तोंडाने सांगून टाकला, जे बाजारात कुणी करत नाही. "तू पूरी गोली खा. मेरी ये डाक्टरनी देगी."

साहेबरावांनी मान हलवली. सौदा जमला होता. जमला की हात बाहेर काढायचा असतो. भेटायची वेळ संपली म्हणून नर्स सांगायला आली, तरी साहेबरावांचा हात रुमालाखालीच होता.