सुनेचं दुखणं

पाहणीवाली बाई आली तेव्हा काचवाला दारातच आरसा कापत बसला होता, त्यामुळे तिला उत्तरं द्यायचं काम आपसूक त्याच्या आईकडे गेलं. हे व्हायला नको होतं. आईला कुणी साधं 'किती वाजले' विचारलं, तरी ती आधी घड्याळाचा उद्धार करते आणि मग, मनात आलं तर, वेळ सांगते.

राज्यात नवा कायदा झाला होता. यापुढे विम्याशिवाय एकही माणूस राहणार नाही, असं सरकारने ठरवलं होतं. काचवाल्याच्या घराला त्याची फार गरज होती. त्याला नोकरी नाही म्हणून कंपनीचा विमा नव्हता, आणि स्वतःचं दुकान आहे म्हणून गरिबांचाही नव्हता. दोन्ही दारांतून त्याला हात जोडून परत पाठवलेलं होतं. इकडे बायकोच्या पित्ताशयात खडा झालेला. कळ आली की ती जमिनीला टेकायची. डॉक्टर म्हणाले होते, "काढून टाका, फार दिवस ठेवू नका." काढायचा कशाच्या जोरावर, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

"घरात कोण कोण असतं, आजी?" बाईने मान खाली घालून, यंत्रावर बोट ठेवून विचारलं.

"मी, हा माझा मुलगा, आणि सुनेचं दुखणं," आई म्हणाली. "बाकी कोण? सून म्हणून काही दिसतच नाही हो या घरात. सकाळी उठावं तर दुखणं, जेवायला बसावं तर दुखणं."

बाई नवीन होती आणि तिला अजून अख्खी गल्ली उरकायची होती. "सुनेचं... दुखणं," असं पुटपुटत तिने टाइप केलं. हल्ली लोक काय काय नावं ठेवतात, असा तिचा चेहरा झाला. मग तिने आतल्या पलंगाकडे पाहिलं. "झोपल्यात त्याच ना? राहू देत, उठवू नका." तिने तिथूनच फोटो काढला आणि ती गेली.

पुढच्या आठवड्यात कार्डं आली. आईचं बरोबर. मुलाचं बरोबर. तिसऱ्यावर लिहिलं होतं: नाव – दुखणं, नातं – सून. फोटोत पलंग होता, पलंगावर चादर होती आणि चादरीखाली कुणीतरी पोटाशी पाय घेऊन निजलं होतं.

काचवाल्याने कपाळावर हात मारला. बायकोने कार्ड हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, ही मी नाही."

"नाव चुकलंय गं. फोटो तुझाच आहे की."

"नाही. बाई आल्या तेव्हा मी मोरीत ओकत होते. त्या गेल्यावर बाहेर आले. पलंगावर कुणी नव्हतं."

तिघांनीही पलंगाकडे पाहिलं. चादर नीट घडी घालून उशाशी ठेवलेली होती. "उशा असतील," आई म्हणाली. पण त्या दुपारी ती पलंगावर न टेकता खुर्चीतच डुलक्या घेत बसली.

नाव काही का असेना, कार्ड तर मिळालं, असा विचार करून काचवाला बायकोला इस्पितळात घेऊन गेला. खिडकीतल्या कारकुनाने कार्ड पाहिलं. "दुखणं बाईंना आणलंय का?"

"या काय, ह्याच," काचवाला म्हणाला.

कारकुनाने कॅमेरा तिच्यासमोर धरला. 'ओळख पटत नाही', असं यंत्र म्हणालं. पुन्हा धरला. पुन्हा नाही. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. तेवढ्यात तिला कळ आली आणि ती बाकावर मुटकुळं करून आडवी झाली. काचवाल्याला ऐन वेळी अक्कल सुचली. म्हणजे त्या वेळी तरी त्याला ती अक्कल वाटली. त्याने तिच्या अंगावर डोक्यावरून शाल टाकली आणि म्हणाला, "आता धरा."

'ओळख पटली', यंत्र लगेच म्हणालं. 'स्वागत आहे, दुखणं.'

शालीच्या आत तिच्या अंगावर काटा आला. पण काम झालं होतं. डॉक्टरांनी तपासलं, खडा पाहिला आणि ऑपरेशन लिहून दिलं. आता फक्त सरकारची मंजुरी हवी होती. कारकून भराभर रकाने भरत गेला. शेवटचा रकाना होता 'उपचाराचा अपेक्षित परिणाम'. तिथे त्याने सरळ मनाने लिहिलं, 'दुखणं कायमचं जाईल.'

पडदा लालभडक झाला. कारकुनाने वाचून दाखवलं, "ज्या उपचाराने सदस्य कायमचा जाईल, तो उपचार मंजूर करता येत नाही. ही योजना सदस्यांचा जीव वाचवण्यासाठी आहे."

"अहो, पण दुखणं जायलाच हवंय ना!"

"हळू बोला," कारकून इकडेतिकडे बघत म्हणाला. "असं इस्पितळात बोलू नये. ऐकलं कुणी तर पोलिसांना बोलावतील."

दोघं घरी पोचतात न पोचतात तोच फोन वाजला. एक बाई बोलत होती. आवाज इतका गोड की ती माणूस नाही हे लगेच कळत होतं. "नमस्कार. दुखणं घरी आहे का? असल्यास एक दाबा."

काचवाल्याने एक दाबला.

"दुखणं बरं आहे का? असल्यास एक दाबा. नसल्यास दोन."

त्याचं बोट हवेतच राहिलं. बरं आहे म्हणावं, तर दुखणं बरं झालं असा अर्थ निघेल आणि ऑपरेशन कायमचं बोंबलेल. बरं नाही म्हणावं, तर ही मंडळी दुखणं धडधाकट करायला धावत येतील. "दाबा ना काहीतरी!" आई ओरडली. त्याने घाबरून दोन दाबला.

"ऐकून वाईट वाटलं," आवाज म्हणाला. "काळजी करू नका. दुखणं दीर्घायुषी व्हावं म्हणून सरकार सर्व प्रयत्न करील."

फोन बंद झाला आणि बायको आतल्या खोलीत किंचाळली. एवढी मोठी कळ तिला आजवर आली नव्हती. काचवाला धावत आत गेला आणि तिचा हात धरून बसून राहिला. ही अशीच एखाद्या दिवशी हातातून जाईल, या विचाराने त्याला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याने योजनेची कचेरी गाठली. इमारत नवीकोरी होती. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं, आणि कुठेही माणूस नाही. चालताना त्याला आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटत होता. अगदी टोकाच्या खोलीत एक साहेब बसले होते. ते स्वभावाने फार चांगले होते. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाव दुरुस्त झालं असतं हो. पण काल इस्पितळात चेहरा जुळला. ओळख तुम्हीच पटवून दिलीत. आता दुखणं म्हणजे दुखणंच."

"मग माझ्या बायकोचं नाव वेगळं घाला, साहेब."

साहेबांनी पडद्यात डोकावून पाहिलं. "तुमची बायको आहे की. दुखणं."

"ती नाही हो! माझी खरी बायको!"

"त्या इथे दिसत नाहीत," साहेब हळुवारपणे म्हणाले. एखाद्याला वाईट बातमी सांगावी तसा त्यांचा सूर होता. "आणि एका मुलाला दोन बायका लावता येणार नाहीत मला. एक मार्ग आहे. दुखणं यांनी ते घर सोडून दुसरीकडे राहायला जायचं. मग तुमचं घर नव्याने नोंदवता येईल, तुम्ही दोघं म्हणून. पण ते कुठे गेलं, तो पत्ता लागेल."

"पत्ता कसला? गेलं म्हणजे गेलं!"

"तसं नाही चालत. नव्या कायद्यात कुणालाही वाऱ्यावर सोडता येत नाही. ते जाईल त्याला कुणीतरी ठेवून घेतलं पाहिजे."

संध्याकाळी घरात खल सुरू झाला. आईच्या अंगात तर उत्साह संचारला होता. "माझ्या नणंदेचा पत्ता दे! जन्मभर टोमणे मारलेत मला. नाहीतर त्या दूधवाल्याचा दे, पाणी घालतो मेला." ती एकेकाचं नाव घेत होती आणि काचवाला कागदावर लिहून घ्यायच्या बेतात होता.

"नको," बायको पलंगावरून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "कुणाच्याच दारात नको पाठवायला."

"अगं, नुसतं कागदोपत्री," काचवाला म्हणाला.

"आणि खरंच गेलं तर?"

दाराशी कापून ठेवलेले आरसे भिंतीला टेकून उभे होते, आणि काचवाल्याला उगाचच त्यांच्याकडे पाठ करून बसावंसं वाटलं. "मी सोसते," बायको म्हणाली. "इतके दिवस सोसलं. हे दुसऱ्याला द्यायची माझ्याच्याने हिंमत होत नाही."

आई सुनेकडे बघत राहिली. ही गोष्ट या घरात नवीन होती. सून कळवळली की 'सोंगं करते' म्हणणारी तीच, आणि पाहणीवालीसमोर तोंडाचा पट्टा सोडणारीही तीच. शेवटी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मागच्या खोलीला गल्लीकडून वेगळं दार आहे ना?"

"आहे."

"मग तो पत्ता दे. आजपासून माझं बिऱ्हाड वेगळं. मी आणि ते. मीच घरात घातलं, मीच सांभाळीन."

"आई, काहीतरीच काय!"

"तू गप रे. बायको मरायला टेकलीय आणि हा काहीतरीच म्हणतोय. जा, लिहून ये."

सकाळी साहेबांनी पत्ता बदलला. एक कळ दाबली आणि झालं. काचवाला घरी आला तर बायको ओट्याशी उभी राहून चहा करत होती. "मघाशी एकदम थांबलं बघा," ती म्हणाली. "पोटातून कुणी उठून गेल्यासारखं." मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं, अगदी हळू आवाजात. काचवाल्याने दार ढकललं. आत आई एकटीच होती. "काय बघतोस? जप करतेय," ती म्हणाली. उभ्या जन्मात तिने कधी जप केला नव्हता.

थांबलं म्हणून खडा काही विरघळला नव्हता. नव्या नोंदणीत बायकोचं खरं नाव आलं, खरा फोटो आला, आणि महिन्याच्या आत तिचं ऑपरेशन झालं. कारकुनाने या वेळी शेवटच्या रकान्यात 'रुग्ण राहील' असं लिहिलं. तिने घरी येऊन पोटभर जेवून दाखवलं तेव्हा काचवाल्याने तोंड फिरवून डोळे पुसले. सगळं निभावलं असं वाटत असतानाच त्या गोड आवाजाचा फोन आला: दुखणं यांची प्रकृती बघायला डॉक्टर घरी येत आहेत.

घरात धावपळ उडाली. दुखणं नावाचं माणूसच नाही हे उघड झालं, तर दोन्ही बिऱ्हाडांची कार्डं रद्द होतील आणि वर फसवणुकीचा ठपका बसेल. बायकोचे टाके अजून ओले होते. "आई, सांग की फिरायला गेलंय," काचवाला घाम पुसत म्हणाला. "उद्या येईल म्हण. जास्त बोलू नकोस. तुझ्या पाया पडतो, एका वाक्यात आटप."

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई गल्लीकडच्या दाराने आत आल्या. वयाने लहान, थकलेल्या, पण डोळे शांत. मधल्या दाराशी नवराबायको श्वास रोखून उभी होती. डॉक्टरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली, आईसमोर स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "आजी, दुखणं कुठे आहे?"

आईने तोंड उघडलं. 'फिरायला गेलंय' हे शब्द अगदी ओठांवर होते, मुलाला ते दिसतही होते. पण डॉक्टरीणबाई उत्तराची वाट बघत तिच्याकडेच पाहत होत्या, यंत्राकडे नाही, आणि घाईतही नव्हत्या. आईचे ओठ मिटले. तिने हात उचलला, छातीच्या डाव्या बाजूला, थोडा खाली ठेवला आणि म्हणाली,

"इथे."

"कसं दुखतं?"

"जिना चढलं की आवळतं. मग हात जड होतो. हल्ली बसल्या जागीही होतं."

काचवाला पुढे आला. "आई, आवर आता," तो कुजबुजला. "पटलं त्यांना."

"मी खोटं बोलत नाहीये रे," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नळी कानाला लावली, तिच्या छातीवर टेकवली, आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कधीपासून आहे हे?" मुलाने विचारलं.

"खूप वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस कधी?"

आईने सुनेकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. "घरात एक दुखणं होतं ना," ती म्हणाली. "दुसऱ्याला जागा कुठे होती?"

"बोलू नका, आजी. श्वास आत घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सून पोटावर हात धरून हळूहळू आत आली आणि तिने सासूच्या पाठीमागे उशी सरकवली.