एका बोटीमागे चार बोटं

कोणतीही कलाकृती पूर्ण झाली की तिच्यात पाहण्यासारखं काही उरत नाही. ती नुसती वापरावी लागते. हे सत्य जगाच्या ध्यानात यायला हजारो वर्षं लागली. त्या बेटावरच्या हस्तकला समितीच्या ध्यानात ते एकाच बैठकीत आलं (चहा येण्यापूर्वी).

समितीच्या पाहणीनुसार शंभरांतले ब्याण्णव पाहुणे 'कारागीर काम करताना' बघायला येतात, सात स्वच्छतागृह शोधत येतात आणि उरलेला एक चुकीच्या बोटीत बसलेला असतो. साहजिकच, काम संपणं बेटाला परवडणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक कामाची एक 'मंजूर चालू अवस्था' ठरली. संध्याकाळची बोट सुटली की काम मुकाट्यानं त्या अवस्थेला परत आणायचं. दारोदार 'काम चालू आहे' अशा पाट्या लागल्या.

मी सगळं जातीनं पाहिलं. कुंभारकाका तीन वर्षं एकच गोळा मळताहेत. सुतार एका खुर्चीचा तिसरा पाय कोरतो (समिती प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसते). तयार वस्तू हवी असेल तर धक्क्यावर दुकान आहे. त्याचा माल माझ्याच बोटीनं आला. येताना मी त्यातल्याच एका खोक्यावर बसलो होतो.

पण बेटाची खरी शान म्हणजे विणकर मावशी. भाचीला दिवस गेले तेव्हा त्यांनी बाळासाठी लोकरीचं पांघरूण मागावर घेतलं. ते बरोबर निम्मं झालं असताना समिती आली, आणि निम्मं इतकं छान दिसलं की तेच मंजूर झालं. तेव्हापासून मावशी दिवसभरात चार बोटं विणतात (एरवी दहा विणतील, पण "याला किती दिवस लागतात हो?" या प्रश्नाला उत्तरं देण्यात दिवस जातो) आणि संध्याकाळी चार बोटं उसवतात. एका बोटीमागे चार बोटं, असं हे सोपं प्रमाण आहे. बाळ आता दुसरीत आहे. शाळा सुटली की ती येते, पांघरुणाला आपली उंची लावून बघते आणि घरी जाते.

नियमात माणुसकीही आहे. ज्या दिवशी एकही पाहुणा येत नाही, त्या दिवशीचं उसवणं माफ. मात्र पाहुणा दिसला की जादा विणलेलं सगळं उसवून आधी मंजूर अवस्था आणायची. पांघरुणाला चाळीस बोटं कमी, म्हणजे ओळीनं चार दिवस कुणी फिरकायला नको. सात वर्षांत असं घडलं नव्हतं. यंदा समुद्र खवळला आणि तीन दिवस बोट आली नाही. चौथ्या दिवशी आली. तिच्यात एकच उतारू होता.

मी मोठ्या उत्साहानं दारात उभा राहिलो. मुलगी शाळा बुडवून मागाशी बसली होती. दहा बोटं उरली होती.

"एकटेच आलात?" मावशींनी विचारलं.

"हो ना! एवढ्या लाटांत कुणी निघेना. मी म्हटलं, काही झालं तरी बघायचंच."

"बसा," मावशी म्हणाल्या.

फूटपट्टी घेऊन समितीचा कारकून हजर झालाच. मावशी तीस बोटं उसवू लागल्या आणि मुलगी लोकरीचा गुंडा करू लागली. मी छत्तीस फोटो काढले.

"आजी, उद्या बोट येणार?" मुलीनं विचारलं. मावशींनी पुढची ओळ उसवली. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. म्हणूनच मी अभिप्रायाच्या वहीत आवर्जून लिहिलं, 'प्रत्येकानं एकदा तरी इथं यावं.'

निघताना मावशी दारापर्यंत आल्या.

"तुम्ही हे कुठं लिहिणार का?"

"लिहिणार तर! छापूनही येईल."

"वाचतं का हो कुणी असलं?"

"खरं सांगू? शेवटपर्यंत कुणीच नाही."

दिवसभरात पहिल्यांदाच मावशींचा चेहरा उजळला.

तुम्ही मात्र वाचलंत. बेटाकडे जाणारी बोट सकाळी दहाला सुटते.