पाच हजार डोळे

"पोरगी अजून शिकतीच व्हय?"

या प्रश्नाला भाऊसोंकडे गेली सात वर्षं उत्तर नव्हतं. शिराळ्याजवळच्या त्या गावाला बी.एस्सी. कळत होतं, पण त्यांची उत्कर्षा त्याच्याही पुढे जाऊन पुण्यात कुठल्याशा प्रयोगशाळेत बसली होती, आणि तिथे ती नेमकं काय करते हे खुद्द भाऊसोंनाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दूध डेअरीवर बांधाशेजारच्या नानासोंनी तोच प्रश्न पुन्हा उकरला, तेव्हा मात्र त्यांनी तिथूनच फोन लावला.

"उत्कर्षा, तू करतीस काय तितं? येका वाक्यात सांग."

"आप्पा, टिश्यू कल्चर. बशीत डोळे वाढवते."

भाऊसोंनी लगेच फोनचा स्पीकर चालू केला. उसाच्या मुलखात डोळा म्हणजे कांडीवरचा, ज्यातून कोंब फुटतो तो. आणि टिश्यू कल्चर म्हणजे निरोगी, उंची बेणं. एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे पोरगी घरचीच विद्या शिकत होती!

"उगवन किती?"

"दहातले सात धरतात."

"आन् बाकीचं?"

"बुरशी लागली की जातात."

"जात्यातच. नुसता डोळाच वाढवतीस?"

"छे, एकट्याचं काही खरं नाही. बरोबर आधाराच्या पेशी ठेवाव्या लागतात. त्याच त्याला वळण लावतात."

एकही उत्तर उसाच्या बांधाबाहेर गेलं नाही, याला ती बिचारी तरी काय करणार? "रविवारी येतीस तवा घिऊन ये," भाऊसोंनी फर्मावलं. "थोडे आणते दाखवायला," ती म्हणाली. पण 'थोडे' आणि 'दाखवायला' हे दोन्ही शब्द दुधाच्या कॅनच्या खडखडाटात बुडाले.

"मला पाच हजार लागतील," नानासो म्हणाले.

"दिलं!"

नानासोंनी रोपवाटिकेत उसाच्या रोपांसाठी लावलेला आपला नंबर त्याच दिवशी मेव्हण्याला देऊन टाकला. भाऊसोंची सात वर्षांची इज्जत आता पाच हजार डोळ्यांवर टांगलेली होती.

रविवारी नानासो लागणीसाठी सऱ्या भिजवून, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून एसटी स्टँडवर हजर. ट्रॉलीत त्यांची आई राहीबाईही बसली होती. हल्ली तिला सावल्याच तेवढ्या दिसत, पण कुठे काही चाललंय म्हटलं की तिला घरात करमत नसे. उत्कर्षा उतरली, तिच्या हातात जेवणाच्या डब्याएवढा डबा.

"बाकीचं डिकीत हायती व्हय?" भाऊसोंनी विचारलं.

"बाकीचं काय? एवढंच."

डब्यात कापूस, कापसात काचेची बाटली आणि बाटलीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दहा-बारा पांढुरके ठिपके. नानासोंनी चष्मा कपाळावर सरकवला, बाटली उन्हात धरली, जाणकारासारखी फिरवली.

"बारीक हाय. वान कुटला म्हनायचा?"

"माणसाचा," उत्कर्षा म्हणाली.

नानासोंनी ती बाटली दोन बोटांत धरून भाऊसोंच्या हातात ठेवली आणि हात सदऱ्याला पुसले.

"डोळ्याच्या आतला पडदा आहे हा," उत्कर्षाने सांगितलं. "पेशींपासून बशीत वाढवतो आम्ही."

"भाऊ, सऱ्या भिजवल्यात रं मी!" नानासो कळवळले.

भाऊसोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माजी रोपं मंगळवारी येत्यात," ते खालच्या मानेने म्हणाले. "तू ने गड्या."

तेवढ्यात ट्रॉलीतून आवाज आला. "पडदा म्हनलीस व्हय गं? डाक्टर म्हनतोय, माजा पडदाच खराब झालाय."

उत्कर्षा ट्रॉलीत चढली. "आज्जी, हा अजून बसवता येत नाही. वर्षं लागतील."

"का गं? उगवतोय न्हवं?"

"उगवतो, पण त्या सपोर्टिंग सेल्स... म्हणजे त्या पेशींचे संकेत..." उत्कर्षा तीनदा अडखळली. भाऊसोंना राहवेना.

"काकी, नुसता डोळा खुडून मातीत टाकला तर?"

"कुजंल की."

"मग कांडीचा तुकडा कशाला ठेवताय?"

"गर पोसतोय त्येला. मुळ्या फुटंस्तवर."

"ह्यांच्या बशीत बी तसलाच गर लागतोय. हितला गर नुसता पोसतोय, तितला तर डोळ्याला वळन बी लावतोय. त्यो कसा ठेवायचा, त्येच पोरगी शिकती सात वर्सं!"

बोलून झाल्यावर भाऊसो स्वतःच दचकले. उत्कर्षाने पिशवीतून वही काढली. "आप्पा, परत सांगा. आमच्या सरांना दोन वर्षं हेच सोपं करून हवं होतं."

"मंजे आडसाली पीक हाय म्हन की," राहीबाई म्हणाली. "लय दिस रानात, पर उतारा बक्कळ. थांबती मी." मग सावलीच्या अंदाजाने लेकाकडे वळली. "आन् तू तोंड पाडू नगंस. तुला पाच हजार लागत्यात. मला दोनच बास."

नानासो हसले. उत्कर्षाने मात्र म्हातारीचा हात बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर तात्याबा भेटले. ते चार दिवस पाटणला गेले होते, त्यामुळे त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काय भाऊसो, पोरगी अजून शिकतीच व्हय?"

"व्हय," भाऊसो छाती काढून म्हणाले. "आडसाली हाय."