दहा सेकंदांची शिट्टी

डॉक्टरांनी पंचकाकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि चेहरा पाडला. तीन महिने सकाळ-संध्याकाळ इनहेलर घेऊनही आत फाटका भाता चालूच होता.

"काका, रोज घेता ना?"

"एक दिवस चुकवलेला नाही!"

"माझ्यासमोर घ्या बघू."

काकांनी कळ दाबली, इनहेलर ओठांत धरला आणि फुर्रर्र करून सगळी पावडर डॉक्टरांच्या चष्म्यावर उडवली.

चाळीस वर्षं काका फुटबॉलचे पंच म्हणून शिट्टी फुंकत आले होते. तोंडात प्लॅस्टिकचं काही आलं की फुंकायचं, एवढंच त्यांच्या तोंडाला ठाऊक.

"तरीच!" शेजारी बसलेल्या काकू ओरडल्या. "बेसिनवरचा आरसा रोज पांढरा! अहो, आरशाची फुप्फुसं ठणठणीत झाली असतील एव्हाना!"

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा पुसला. "आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा. मग ओठ घट्ट. जोरात, खोल आत ओढा. दहा सेकंद धरून ठेवा. शेवटी गुळण्या. आणि काका, महिन्याभरात दम सुधारला तरच मी फिटनेसचा दाखला देणार आणि फुटबॉलची फायनल तुमची. नाहीतर दुसरा पंच."

काका खुर्चीतून ताडकन उठले. दवाखाना विरुद्ध अग्निशमन दल! अशी फायनल दुसऱ्याच्या शिट्टीवर?

त्यांनी कंबर कसली. पण सरावासाठी औषध कोण वाया घालवणार? काका शिट्टीवरच सराव करू लागले. दिवसातून वीस वेळा शिट्टी तोंडात, श्वास आत आणि काकू स्वयंपाकघरातून मोठ्याने मोजायच्या, "एक... दोन... तीन..."

इनहेलर मात्र ठरल्या वेळीच, दोनदा. महिन्याने डॉक्टर खूश. "कमाल आहे! फायनल तुमची!"

फायनलला मैदान खचाखच भरलं होतं. दवाखान्याच्या गोलमध्ये स्वतः डॉक्टर उभे होते. शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. बरोबरी झाली तर ढाल गतविजेत्या दवाखान्याकडेच राहणार होती.

"काका, वेळ संपली! वाजवा!" डॉक्टर हात उंचावून नाचू लागले.

काकांनी घड्याळ पाहिलं. संपली होती. त्यांनी तोंड बाजूला करून श्वास सोडला. शिट्टी ओठांत घट्ट धरली. जोरात, खोल आत ओढला. आणि धरून ठेवला.

शिट्टी गप्प. खेळ चालू.

"एक... दोन..." प्रेक्षकांतून काकूंनी सवयीने सुरुवात केली. चारला अख्खं मैदान मोजू लागलं. पाचला अग्निशमन दलाचा फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट सुटला. डॉक्टर अजून नाचतच होते.

"सात!"

गोल!

"आठ! नऊ! दहा!"

मग वाजली. गेल्या पाच वर्षांत वाजली नव्हती अशी लांब, खणखणीत. अग्निशमन दलाने एकमेकांना खांद्यांवर घेतलं. काकांनी बाटलीतल्या पाण्याने शांतपणे गुळण्या केल्या.

डॉक्टर धावत आले. "काका! वेळ संपली होती ना?"

"पंचाची शिट्टी वाजल्यावर संपते. नियम आहे. ते जाऊ दे, ठसका लागला का मला? एकदा तरी?"

डॉक्टरांनी जाळ्यातल्या बॉलकडे पाहिलं. मग काकांकडे.

"नाही लागला," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "पद्धत अगदी बरोबर आहे."