टिपणीसांची हाक

पाडायच्या घरात शिरताना टिपणीस ओव्हरसियर आधी चपला दाराबाहेर काढायचे. आत फुटक्या कौलांचा खच पडलेला, खिळे वर तोंड करून बसलेले, विंचूकाट्याची भीती. पण टिपणीस अनवाणी. उंबऱ्याशी उभं राहून एकदा खाकरायचं, छत्री काखेत मारायची आणि अंधारात बघून म्हणायचं, "मी टिपणीस. नगरपालिकेकडून आलोय. येऊ का?"

घर रिकामं असायचं. रिकामं होतं म्हणून तर आम्ही तिथं गेलेलो असायचो. तरी ते उत्तरासाठी थांबायचे. कधी कधी मान हलवून "बरं" म्हणायचे आणि मग आत पाऊल टाकायचे. ते "बरं" ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. कारण मी त्यांच्या पाठीमागेच उभा असायचो आणि मला काहीएक ऐकू आलेलं नसायचं.

कोयनेकडे भूकंप झाला त्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. मी पेणला नगरपालिकेत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. आमच्याकडे घरं धडाधड कोसळली वगैरे काही झालं नव्हतं, पण जुन्या मातीच्या भिंतींना तडे गेले होते, दारं चौकटीत बसेनाशी झाली होती. काही लोक त्या पहाटे बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. मुलाकडे, जावयाकडे, मुंबईला, जिथं सोय होती तिथं गेले. पावसाळ्याआधी ही सोडलेली घरं उतरवायची, नाहीतर शेजाऱ्यांच्या अंगावर यायची, असं ठरलं आणि ते काम टिपणीसांकडे आलं. लिहायला कोणीतरी हवं म्हणून मी त्यांच्याबरोबर.

नियम साधे होते. दारावर नोटीस डकवायची, मालकाला हरकत घ्यायला मुदत द्यायची, वीज तोडायची, शेजारच्या भिंतीला टेकू द्यायचे, मग वरून खाली यायचं: आधी कौलं, मग वासे, मग भिंती. त्यात एक वाक्य होतं, की पाडण्यापूर्वी आत कोणी नाही याची समक्ष खात्री करून घ्यावी. दुसरा कोणी असता तर त्याने दारातून डोकावून "नाही कोणी" म्हटलं असतं आणि चहाला गेला असता. टिपणीसांनी त्या एका वाक्याचं व्रत करून टाकलं.

ते घराच्या प्रत्येक खोलीत जायचे. मोरीत, माळ्यावर, संडासातसुद्धा. प्रत्येक ठिकाणी पूर्ण नोटीस मोठ्याने वाचायची. माणूस किरकोळ, माझ्या खांद्याला लागेल एवढा, पण आवाज असा की पत्रे थरथरावेत. नोटीस वाचून झाली की तीवरची नावं घेऊन हाका मारायच्या. घरपट्टीला लावलेली नावं वारस येऊन बदलून घेत नाहीत तोवर तशीच चालतात, त्यामुळे त्या नावांतली निम्मी माणसं कधीच स्मशानात पोचलेली. टिपणीस त्यांनाही हाका मारायचे. भर दुपारी, ओसाड माजघरात उभं राहून, पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आदराने "बाळंभट, आहात का आत?" असं विचारायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, की साहेब, ते वारले. तर म्हणाले, "वारले असतील. पण घराला सांगायला नको?"

"घराला सांगायला नको?" हे त्यांचं नेहमीचं. शिपाई, गवंडी, ठेकेदार, सगळे त्यांची नक्कल करायचे. दामा मुकादम तर कचेरीतला पंखा बंद करतानासुद्धा पंख्याला हात जोडून परवानगी मागायचा. टिपणीस बघायचे आणि कामाला लागायचे. त्यांना राग यायचाच नाही. निदान दिसायचा नाही.

त्यांच्याविषयी आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती गेली. रोह्याला नदीच्या बाजूला मोठं घर, तिथून रोज पहिल्या एस.टी.ने यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पेणला खोली का घेत नाही, घरी कोण वाट बघतंय एवढं, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "घर बघतं की." हसूनही म्हणायचे नाहीत, त्यामुळे विचारणारा विषय बदलायचा. त्यांचं पाळण्यातलं नाव काय हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. हजेरीवर सही असायची नुसती 'टिपणीस'.

तर शेट्यांचं घर.

वामनशेट शेटे किराणावाले. ते आणि त्यांची बायको मथुराबाई, दोघंही भूकंपाच्या आधीच वारलेली. मुलगा दुकान बघायचा. मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली तेव्हा तो बायकापोरांना घेऊन मुंबईला गेला आणि घर उतरवायला स्वतःच अर्ज दिला. हरकतीचा प्रश्नच नव्हता. आम्ही निघालो ते तासाभराचं काम म्हणून.

टिपणीसांनी चपला काढल्या, खाकरले, विचारलं, थांबले. या वेळी "बरं" म्हणाले नाहीत. नाक वर करून उभे राहिले. मग मलाही वास आला. सुकट भाजल्याचा. चार महिने कुलूप असलेल्या घरात, आणि ताजा.

आम्ही आत गेलो. देवघरात तसबिरी काढल्याचे पांढरे चौकोन भिंतीवर राहिले होते. चूल थंड होती, पण नुकतीच सारवलेली होती. परसात तुळशीच्या बुडाशी माती ओली. टिपणीसांनी नोटीस वाचली, वामनशेटना हाक मारली, मथुराबाईंना हाक मारली. कोणी ओ दिली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला लिहायला सांगितलं, की खात्री झाली नाही. ओल्या मातीची गोष्ट दामा मुकादमाच्या कानावर गेली आणि त्याने सगळ्या गड्यांना सांगून टाकलं, की मथुराबाय तुळशीला पानी घालाया येते.

दुसऱ्या खेपेला गडी अंगणातच थांबले. आम्ही दोघंच आत. टिपणीसांनी "मथुराबाई, आहात का?" म्हटलं आणि वर माळ्यावर भांडं पडलं. पडलं आणि गोल गोल फिरत बसलं, आणि मग मध्येच थांबलं. कोणीतरी हाताने थांबवावं तसं. मी किती वेगाने बाहेर आलो ते सांगत नाही; दामा माझ्याही पुढे होता. टिपणीस मात्र शिडी लावून माळ्यावर गेले. वर कोणी नव्हतं. मागच्या बाजूची खिडकी उघडी होती आणि परसातली केळीची पानं हलत होती. वाऱ्याने, असं मी स्वतःला सांगितलं.

आता शेट्यांचा मुलगा मुंबईहून आला. कुलूप मी माझ्या हाताने लावलंय, आत उंदीरघुशींशिवाय कोणी नाही, भिंत शेजारच्या पोरांवर पडली तर जबाबदार कोण, असं तो कचेरीत येऊन बोलला. त्याचं खोटं नव्हतं. भिंत दर दिवशी थोडी थोडी झुकत होती. शेजाऱ्यांनी निजायच्या जागा बदलल्या होत्या. शेवटी ठरलं, की उद्या काम करायचंच. टिपणीसांनी खात्री दिली तर त्यांची, नाही दिली तर वरचा दुसरा कोणी येऊन देईल. टिपणीस मान खाली घालून ऐकत होते. मला पहिल्यांदा त्यांची कीव आली, आणि रागही आला. एका भांड्यासाठी माणूस नोकरी पणाला लावतो का?

दुसऱ्या दिवशी गडी छपरावर चढून बसले होते. मागच्या भिंतीला दोर बांधलेले. टिपणीसांनी हात वर केला की कौलं उतरायला सुरुवात. ते मला घेऊन माजघरात आले. नोटीस त्यांच्या हातात होती. ती त्यांनी वाचली नाही. घडी घालून खिशात ठेवली आणि चक्क खाली मातीत मांडी घालून बसले.

"आज मी कोणाचं नाव घेत नाही," ते म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज त्यांनी कुठेतरी ठेवून दिला होता. "माझ्या कागदावर ज्याचं नाव नाही, असं कोणी आत राहिलं असेल, तर त्याने ओ द्यावी. मला नाव माहीत नाही म्हणून हाक मारता येत नाही."

काही झालं नाही. छपरावर कोणीतरी खोकलं. मग आमच्या मागे, कोपऱ्यात भाताची रिकामी कणगी होती, तिच्यातून आवाज आला. माणसाचा आहे हे कळायलाही मला वेळ लागला.

"आदी तू सांग. जित्ता हायस का तू?"

मी दाराकडे सरकलो. टिपणीस होते तसेच बसून. मला वाटलं, ते घाबरले. पण मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते विचार करत होते, खरोखरच. एखाद्याला पत्ता विचारावा आणि त्याने आठवून सांगावं तसे.

"आहे," ते अखेर म्हणाले. "मी बंडू. रोह्याचा."

कणगीतून एक म्हातारी वर आली. आधी पांढरे केस, मग दोन हात, मग कपाळावर हिरवं गोंदण. अंगावर मथुराबाईंचंच जुनं लुगडं असावं. दामा त्या क्षणी दारातून डोकावला आणि तिला बघून जो पळाला तो थेट तळ्यापर्यंत.

ठकूबाय तिचं नाव. पोर असताना शेट्यांकडे मुलं सांभाळायला आली होती, ती इथंच म्हातारी झाली. भूकंपानंतर शेट्यांच्या मुलाने तिला जवळच्या जोहे गावी, तिच्या भाच्याकडे नेऊन सोडलं होतं. ती काही दिवस राहिली आणि एका दुपारी चालत परत आली, परसदारातून. तेव्हापासून इथंच होती. आमची चाहूल लागली की कधी माळ्याच्या खिडकीतून केळीत, कधी कणगीत. कारण भुताला आम्ही भ्यालो होतो तशीच तीही भ्याली होती, आणि तिचं भूत टिपणीस होते. कोणीतरी जाड आवाजाचं येतं आणि मेलेल्यांना नावाने हाका मारतं. "वामनशेट झाला, मथुराबाय झाली. म्हटलं, आता फुडला नंबर माजा. मी कशाला ओ देते?"

भाचा वाईट होता का, असं मी विचारलं. तिने मान हलवली.

"नाय रं. जेवाया घालीत होता. पन तिथं सगली 'ए म्हातारे' म्हनतात. हितं कसं, सांज झाली की आजून कानात मथुराबायची हाक येते. 'ठके' म्हनून. ती तिथं जोह्याला नाय येत."

शेट्यांचा मुलगा बाहेर उभा राहून हे ऐकत होता. तो आत आला नाही. माणूस काही दुष्ट नव्हता, रडत होता.

टिपणीस उठले, धोतराची माती झटकली, दारात गेले, पायात चपला घातल्या आणि मागे वळून म्हणाले, "ठकूबाय, बाहेर ये." ती आली. मग त्यांनी हात वर केला. संध्याकाळपर्यंत भिंत खाली आली होती आणि म्हातारी समोरच्या ओट्यावर बोचकं घेऊन बसून सगळं बघत होती. प्रत्येक वासा उतरला की ती पदराने तोंड दाबायची.

मुलगा म्हणाला, मी जोह्याच्या गाडीत बसवून देतो.  गाडीतळावर मात्र टिपणीसांनी तिचं बोचकं उचललं आणि रोह्याच्या गाडीकडे बोट केलं.

"येतेस का? घर मोठं आहे. भिंती शाबूत आहेत."

"घरात कोन कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग बोलतोस कोनाशी?" तिने विचारलं. त्यांनी बोचकं आत ठेवलं, आणि ती गाडीत चढली.

कचेरीत पुढे महिनाभर यावर चेष्टा चालली. ओव्हरसियरने भूत घरी नेलं, असं दामा सांगायचा. टिपणीस नेहमीप्रमाणे ऐकून घ्यायचे. पुढच्या पडक्या घरांत ते चपला काढायचे, हाका मारायचे, सगळं तसंच. फक्त "बरं" म्हणणं बंद झालं. आणि संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून कावरेबावरे व्हायला लागले.

ते निवृत्त झाल्यावर रोह्याजवळच्या वरसे गावी माझी मेहुणी राहायला आली. एकदा तिच्याकडे गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून रोह्यात टिपणीसांकडे गेलो. ते पडवीत झोपाळ्यावर बसले होते. आतून तांदळाच्या भाकरीचा वास येत होता. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "बंडू, जेवाया ये."

टिपणीस बोलत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, जरा चढ्या आवाजात. तरी त्यांचं लक्ष नाही. मला वाईट वाटलं. जन्मभर रिकाम्या घरांत कान लावून उभा राहिलेला माणूस, आता ऐकूही येईना. मी पुढे वाकून मोठ्याने म्हटलं, "साहेब, आत बोलावतायत."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऐकलं रे," ते हळूच म्हणाले. "आणखी एकदा हाक मारू दे तिला."