ईप्सिताबाईंच्या कानांच्या मापाची हकीकत

शके १९४८, संवत्सराचे नाव पराभव. नावास भिऊन मोहिमा थांबत नसतात, म्हणून जे घडले ते घडले तैसे लिहून ठेवणे प्राप्त जाहले. वाचणारांनी हसू आले तरी मान गंभीर ठेवावी.

ऱ्हाइन आणि मेन या दोन नद्यांच्या बेचक्यात डार्मश्टाट नामे शहर आहे. तेथून अंतराळातील उपग्रहांस हुकूम रवाना होतात आणि ते उपग्रह लाखो कोसांवरून निमूट ऐकतात. त्याच शहरी, तिसऱ्या मजल्यावर, विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडील कारभारीण ऊर्मिलाबाई यांचे बिऱ्हाड आहे, आणि तेथे स्वयंपाकघरातून निघालेला हुकूम बारा पावलांवरच्या खोलीत पोचत नाही, कारण त्या खोलीच्या मालकीण, कन्यारत्न ईप्सिताबाई, वय वर्षे पंधरा, यांच्या कानांत सदासर्वदा काही ना काही ठासलेले असते.

ईप्सिताबाईंकडे शाळेच्या बँडात ड्रम्सची सरदारी. वाजविताना कानात टिकटिक अशी तालाची खूण यावी लागते आणि त्यावर सारी फौज चालते. परंतु बाईंचे कान ऐसे घडलेले की बाजारचा कोणताही इअरफोन त्यांत ठरेना. तिसऱ्या ठोक्यास डावा पडे, सातव्यास उजवा, आणि मग गिटारवाले एका वाटेने व बाई दुसऱ्या वाटेने जात. याकरिता कानाचा साचा काढून त्याबरहुकूम घडविलेले इअरफोन मिळावे, असा अर्ज बाईंनी चौदा रंगीत पानांनिशी, जर्मन भाषेत, भिंतीवर उजेड पाडून गुदरला.

या अर्जास मूळ आधार गतसालच्या आषाढातला. तेव्हा ऊर्मिलाबाईंचे तीर्थरूप वासुदेवपंत कोल्हापुराहून डार्मश्टाटी मुक्कामास होते. त्यांनी नातीचा वादनसमारंभ पाहिला, कानातून पडणारे शस्त्र पाहिले आणि जागेवर वचन दिले. "पंधरा पूर्ण झाली की तुझ्या कानाच्या मापाचे घेऊ. अगदी मापाचे." मग पंत कोल्हापुरास परतले आणि मार्गशीर्षात निवर्तले.

हा त्यांचा एकच शब्द पुरा व्हावयाचा राहिला होता. तो पाळावा की शहाणपणाने मोडावा, आणि मोडला तर पंतांपैकी या घरात काय उरते, एवढाच या मोहिमेचा सवाल. बाकी सारा तोफांचा धूर.

धूर मात्र बहुत जाहला. ईप्सिताबाईंचे पिताश्री भास्करराव हे र्युसेल्सहाइमच्या मोटारी कारखान्याकडे दरवाजांच्या रबरी पट्ट्यांचे अधिकारी. फटीतून वारा शिरू न देणे हा त्यांचा पेशा, आणि फट कालांतराने कशी रुंदावते हे त्यांच्याइतके मुलुखात कोणास ठाऊक नाही. त्यांनी आक्षेप घेतला की मुलीचे कान अद्याप वाढते आहेत. आज साचा काढावा तो वर्षा-दोन वर्षांत ढिला पडावा. आणि जर्मन कायद्याने मापाची करून घेतलेली वस्तू, माप बदलले म्हणून परत करता येत नाही. सबब तीन वर्षे थांबावे. यापुष्ट्यर्थ त्यांनी नुट्झवेर्टआनालीझ नामे कागद सिद्ध केला, ज्यात हरएक इच्छेस गुण द्यावे, गुणांस वजन द्यावे, आणि अखेरीस आधी ठरविलेलेच उत्तर यावे. त्या कागदात एक रकाना होता, 'भावनिक बाबी', वजन शेकडा पाच. ऊर्मिलाबाईंनी तो रकाना पाहिला आणि त्या भांडी पुसावयास गेल्या. भास्करराव शहाणे, भांडी पुसून होईतो त्यांनी पाचाचे दहा केले.

मग त्यांनी व्हर्निअर कॅलिपर काढले आणि दर रविवारी, न्याहारीनंतर, कन्येच्या कर्णप्रदेशाची मोजणी आरंभिली. दुसऱ्या रविवारी कान एक दशांश मिलिमीटर वाढला, तेणेकरून रावसाहेब संतुष्ट जाहले. तिसऱ्या रविवारी तोच कान तीन दशांश आकसला. ऐसे शास्त्रात कोठे घडत नाही. ईप्सिताबाई ओरडल्या, "पापा, दु द्रुक्स्ट!" म्हणजे तुम्ही दाबता आहां; आणि मोजणीचे खाते त्या दिवसापासून बंद पडले.

या घरात तिसरे पीठ होते ते ऊर्मिलाबाईंच्या मातोश्री वासंतीबाई यांचे. पंतांमागे त्या लेकीकडे आल्या होत्या आणि खिडकीशी बसून ट्राम मोजीत असत. त्यांनी दोन्ही पक्ष ऐकून निवाडा दिला.

"ह्यांनी कबूल केलंय ना? मग घ्यायचे. वाढत्या मापाचे घ्या म्हणजे झालं."

"आई, कानात वाढत्या मापाचं कसं बसेल?" ऊर्मिलाबाई म्हणाल्या.

"तुझे बूट बसले की नाही? पुढं कापूस घालायचा."

"आजी, दास गेट निश्त!" ईप्सिताबाई कळवळून म्हणाल्या, म्हणजे असे जमत नाही, शब्दशः 'जात नाही'.

"जात नाही कसं? ढकललं की जातं," वासंतीबाईंनी उत्तर केले. आजीस जर्मन येत नव्हते आणि अडतही नव्हते.

येथे वाढत्या मापाचा मजकूर लिहिणे अगत्य आहे. वासुदेवपंतांच्या कारकिर्दीत लेकीस कोणतीही वस्तू मापाची घेतली गेली नाही. फ्रॉक घ्यावा तो पुढल्या दिवाळीच्या अंगाचा, चप्पल घ्यावी ती पुढल्या जूनच्या पायाची. पाचवीत घेतलेला तांबडा स्वेटर ऊर्मिलाबाईंस दहावीत मापाला आला, तोवर त्याची कोपरे गेली होती. सायकल ऐशी उंच की पहिली दोन वर्षे ती हाताने चालवीत शाळेत न्यावी आणि हाताने चालवीत परत आणावी. पंत म्हणत, "मूल वाढतंय. माप कशाला बघायचं?" ऐशा पुरुषाने नातीस मात्र 'अगदी मापाचे' असे म्हणावे, हे ऊर्मिलाबाईंच्या मनात सलत होते. चाळीस वर्षांत आपल्या वाट्यास जे आले नाही ते या मुलीस एका वाक्यात मिळाले, ऐसा हेवाही त्यात होता. परंतु पोटच्या पोरीचा हेवा करणे हे सुशिक्षित माणसास शोभत नाही, म्हणून त्या तो भास्कररावांच्या कागदाखाली झाकून ठेवीत आणि कान वाढतात, कान वाढतात, ऐसे नवऱ्यामागून म्हणत. दोन्ही पक्षांस वाटे की बाई आपल्याकडे आहेत. बाई कोणाकडेच नव्हत्या.

अखेरीस ठरले की जाणत्यास विचारावे. परंतु जर्मन देशी टेर्मीन म्हणजे आगाऊ ठरलेली वेळ असल्यावाचून माणसास आपला कानही दाखविता येत नाही. टेर्मीन मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची. एवढ्या अवकाशात कान आणखी वाढेल, अशी तक्रार भास्कररावांनी फोनवर गुदरली. पलीकडून उत्तर आले की रद्द करावयाचे असल्यास चोवीस तास आधी कळवावे.

अधिक ज्येष्ठात, दिवस शुक्रवार, स्वारी निघाली. पुढे भास्करराव, बगलेत मोजणीचे कागद, मागे ईप्सिताबाई, मुखावर ऐसा भाव की आपण या मंडळींस ओळखत नाही, त्यामागे ऊर्मिलाबाई, आणि घरी राहावे असा ठराव झाला असता पातळ बदलून आधीच दारात उभ्या राहिलेल्या वासंतीबाई. ट्राम सात मिनिटे उशिरा आली. भास्कररावांनी घड्याळाकडे आणि मग जर्मन साम्राज्याकडे तुच्छतेने पाहिले.

दुकान श्रवणयंत्रे बसविणाऱ्यांचे. बाकड्यावर बसलेले सर्व लोक ऐंशीच्या पुढचे. त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलीकडे सहानुभूतीने पाहिले आणि एका वृद्धाने तिला चॉकलेट दिले. दुकानाच्या अधिपती फ्राऊ ट्राउटमान यांनी दिवा लावून दोन्ही कानांत पाहिले, मळ नाही म्हणून शाबासकी दिली, आणि काय मनसुबा आहे ते विचारिले.

तेव्हा ऊर्मिलाबाई, ज्यांनी तीन भाषांतले ग्रंथ वाचले आणि ज्यांचे जर्मन व्याकरण खुद्द जर्मनांस लाज आणील, त्यांनी खाकरून, अत्यंत अदबीने, आपल्या बापाचा सवाल मांडला. साचा थोडा मोठा करता येईल काय? मुलगी वाढत आहे.

फ्राऊ ट्राउटमान यांनी चष्मा काढला. दुकानात क्षणभर ऐसी शांतता पसरली की बाकड्यावरील वृद्धांनी आपापली यंत्रे तपासून पाहिली. मग त्यांनी समजावून सांगितले की मोठा साचा कानात जात नाही, गेला तर टोचतो, आणि लहान असला तर पडतो; कानास एकच माप असते आणि ते आजचे. उपरांत त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या की आपला सल्ला विचाराल तर थांबावे. या वयात वर्षा-दीड वर्षात साचा पुन्हा करावा लागेल.

ज्या किल्ल्यावर चाल करून आलो त्याचा किल्लेदारच सांगतो की किल्ला घेऊ नका, ऐसा प्रसंग मराठी फौजेवर क्वचित आला असेल.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, ऐसे भास्करराव गर्जले. "मी काय म्हणत होतो? गेनाऊ!"

"काय म्हणतेय ती?" वासंतीबाईंनी विचारले.

"आजचंच माप मिळतं म्हणतेय. उद्याचं नाही," ऊर्मिलाबाई म्हणाल्या.

चौदा रंगीत पाने करणारी मुलगी बुटांच्या टोकांकडे पाहत राहिली, मग हळूच, जर्मनमध्येही नव्हे, मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबांनी बोलले होते."

त्या वाक्यातले व्याकरण कोणी सुधारले नाही.

आता ऊर्मिलाबाईंच्या मनातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्यांनी कोणास सांगितली नव्हती. पंतांच्या तेराव्यानंतर कोल्हापुरी कपाट आवरताना त्यांना एक फाईल मिळाली. आत हृदयाचे कागद, डॉक्टरांचे स्वच्छ अक्षर, आणि तारीख ज्येष्ठाची. म्हणजे पंत आषाढात डार्मश्टाटी आले, नातीचे ढोल ऐकले, बाजारात जाऊन पाव निवडले, ते सर्व आपले दिवस थोडे उरले हे जाणून. जो माणूस जन्मभर पुढल्या वर्षाच्या मापाने खरेदी करीत आला, त्याने त्या एका दिवशी आजचे माप मागितले. लेकीचा हेवा करीत सहा महिने गेले, आणि या खुर्चीपाशी उभे असता ऊर्मिलाबाईंस ते वाक्य प्रथमच पुरते ऐकू आले.

त्यांनी फ्राऊ ट्राउटमान यांस हुकूम दिला की आजच्या मापाचे करावे.

"अगं पण वर्षभरात..." भास्करराव म्हणाले.

"वर्षभर बसतील, भास्कर. वर्ष म्हणजे काही कमी नाही."

भास्कररावांनी बायकोच्या मुखाकडे पाहिले आणि कागदांची गुंडाळी केली. हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय होय. मग ते साच्याच्या रबराचा कठीणपणा विचारण्याच्या मिषाने दुकानदारीणबाईंच्या मागे आतल्या दालनात जाऊ पाहत होते. बाईंनी प्रथम काम उरकले. दोऱ्याला बांधलेला बोळा कानात सारला, दातांत ठोकळा दिला, आणि निळसर लुकण पिचकारीने दोन्ही कानांत भरले. पाच मिनिटे हलू नये, ऐसे बजावून त्या भास्कररावांच्या शंकांसह आत गेल्या.

तीन वर्षे जे फर्मानांस व विनवण्यांस साधले नाही ते एका ठोकळ्याने साधले. ईप्सिताबाई बोलू शकत नव्हत्या आणि ऐकूही शकत नव्हत्या. ऊर्मिलाबाई त्या लुकणभरल्या कानाशी वाकल्या.

"ईपू, आजोबांना सगळं ठाऊक होतं गं. मी दर रविवारी फोन करायचे. आणि विचारायचे काय, तर थंडी पडली का."

एवढेच बोलल्या. बोलून सरळ झाल्या तो मागल्या खुर्चीवरून आवाज आला. मातोश्रींच्या कानांत लुकण नव्हते, हे त्या विसरल्या होत्या.

"मला तरी कुठं सांगितलं ह्यांनी?" वासंतीबाई म्हणाल्या. "मी रोज शेजारी होते. मी विचारायचे, चहा ठेवू का."

ऊर्मिलाबाई जाऊन मातोश्रींच्या शेजारी बसल्या. मार्गशीर्षापासून त्या दोघी पंतांच्या जाण्याविषयी एक शब्द बोलल्या नव्हत्या; एकीने बोलले तर दुसरीस त्रास होईल, ऐसा दोघींचा समज. वासंतीबाईंनी पदराने आधी लेकीचा चष्मा पुसला, मग स्वतःचा. समोर ईप्सिताबाई तोंडात ठोकळा घेऊन, मान ताठ ठेवून, दोघींकडे डोळे वटारून पाहत होत्या.

साचे निघाले, निर्दोष निघाले. कान मोकळा होताच पहिला प्रश्न आला, "काय बोलत होता तुम्ही?"

"आजोबांचं," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "चल, ट्राममध्ये सांगते."

येणेप्रमाणे निज ज्येष्ठ शुद्ध दशमीस शाळेच्या पटांगणात समारंभ जाहला. नवे इअरफोन, डावा निळा, उजवा तांबडा, दोन्ही आपापल्या जागी राहिले आणि तिसरा, सातवा व त्यापुढील सर्व ठोके बिनचूक पडले. भास्करराव सबंध वेळ वाद्यांकडे न पाहता डाव्या कानाकडे पाहत होते. वासंतीबाईंनी कापूस आपल्याच कानांत घातला आणि टाळ्यांच्या वेळी काढला. कान पुढे वाढतील, साचे ढिले पडतील, तेव्हा दुसरे करावे, यास सर्वांची संमती आहे. फत्ते जाहली ती आजच्या मापाची. म्हणून आजच्याच तारखेने नोंदविली, आणि खाली ऊर्मिलाबाईंनी आपल्या हाताने वासुदेवपंतांचे नाव लिहिले.